घराचे वासे आणि कचेरीचे बिऱ्हाड

एखादी कचेरी एका गावाहून दुसऱ्या गावी गेली, ही घटना इतिहासाच्या पुस्तकात सहसा एका वाक्यात आटोपते. राजधानी हलली तर गोष्ट वेगळी. महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीचा दरबार देवगिरीला नेला आणि मराठीला 'तुघलकी' हे विशेषण मिळाले. शिवछत्रपतींनी राजगड सोडून रायगड पसंत केला, त्यावर बखरकारांनी आणि पुढे कादंबरीकारांनी पाने भरली. पण जिल्ह्याच्या कचेरीचे बिऱ्हाड हलले, तर त्यावर ना पोवाडा होतो ना कादंबरी. सामान्य माणसाचा सरकारशी संबंध मात्र राजधानीत येत नाही, तो या कचेरीतच येतो. म्हणून अशा एका स्थलांतराकडे थोडे थांबून पाहावे, असे आम्हांस वाटते.

हे स्थलांतर दक्षिण कोकणच्या कलेक्टर कचेरीचे. 1818 मध्ये पेशवाई संपली. 1819 मध्ये कंपनी सरकारने दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा केला आणि त्याचे मुख्य ठाणे बाणकोटला ठेवले. तीनच वर्षांनी, 1822 मध्ये, ते रत्नागिरीस आणले. 1880 सालच्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये याचे कारण दिले आहे ते असे, की रत्नागिरी हे अधिक मध्यवर्ती व सोयीचे ठिकाण होते. बस्स, एवढेच. हे कारण खोटे नाही. परंतु 'मध्यवर्ती' आणि 'सोयीचे' या दोन शब्दांच्या पोटात काय काय दडले आहे, हे पाहायचे तर रत्नागिरीत बसून चालणार नाही, बाणकोटातही नाही. त्यासाठी मधले एखादे गाव निवडावे. आम्ही हेदवी निवडले आहे.

हेदवी आज गुहागर तालुक्यात आहे. गुहागरहून किनाऱ्याने दक्षिणेस निघाले की पालशेत, वेळणेश्वर ओलांडून सुमारे 25 किलोमीटरवर हे गाव लागते. दशभुज गणेशाच्या देवळामुळे आणि खडकातल्या अरुंद चिरेतून भरतीचे पाणी उसळवणाऱ्या बामणघळीमुळे ते प्रवाशांना ठाऊक आहे. प्रवाशांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी, की हेदवी ज्या भूभागात आहे तो दोन खाड्यांच्या कात्रीत सापडलेला आहे. उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेस शास्त्रीची जयगड खाडी. बाणकोटला जायचे तर पहिली ओलांडायची, रत्नागिरीला जायचे तर दुसरी. म्हणजे कचेरी कुठेही असो, हेदवीकराच्या वाटेत पाणी आहेच.

पहिले ठाणे बाणकोटला का, याचे उत्तर सोपे आहे. सरकार जिथे आधीपासून उभे होते तिथेच त्याने आपली बैठक मांडली. सावित्रीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्ला 1755-56 मध्ये, तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेच्या काळात, इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. म्हणजे 1819 मध्ये बाणकोटात त्यांचा साठ वर्षांहून अधिक राबता होता. बंदर ओळखीचे, माणसे ओळखीची, मुंबई जवळ. नव्या मुलखाचा कारभार मात्र दक्षिणेस मालवणच्याही पलीकडे पसरलेला. मुंबईला जवळ असलेली कचेरी मुलखाला दूर पडू लागली, हे तीन वर्षांत उमगले असावे. 'सोय' या शब्दाचा पहिला अर्थ इथे लागतो. बाणकोट वरिष्ठांच्या सोयीचे होते, रत्नागिरी वसुलीच्या सोयीची ठरली. रयतेची सोय हा तिसरा अर्थ. त्याकडे पुढे येऊ.

आता तयारीचा विचार करू. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो, पण कचेरी म्हणजे विंचू नव्हे. तिला माणसे लागतात, खजिना लागतो, दप्तर लागते आणि हे सारे ठेवायला इमारत लागते. माणसे चालत येतात. खजिना पहाऱ्यात येतो. दप्तर रुमालात बांधून आणता येते. इमारत तेवढी आणता येत नाही, असे आपल्याला वाटते. पण 1818 नंतरच्या त्या वर्षांत कोकणात एक इमारतही आणली गेली, आणि ती आणली गेली गुहागरहून.

दुसरा बाजीराव 1812 मध्ये गुहागरास आला आणि पुढे काही वर्षे उन्हाळ्याचा काही काळ तो तिथे घालवीत असे. उपसागराकडे पाहणाऱ्या उंच कड्यावर त्याचा वाडा होता. पोर्तुगीज या उपसागराला 'ब्राह्मणांचा उपसागर' म्हणत. त्याच्या काठी एका ब्राह्मण राज्यकर्त्याची उन्हाळी बैठक असावी, हा योगायोगही नोंदवण्यासारखा. 3 जून 1818 रोजी बाजीराव शरण गेला आणि पुढे ब्रह्मावर्तास त्याची रवानगी झाली. मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर लवकरच या वाड्याचा बराचसा भाग पाडण्यात आला आणि त्याचे सामान रत्नागिरीच्या सरकारी इमारतींसाठी वापरण्यात आले, अशी नोंद त्याच गॅझेटियरमध्ये आहे.

आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना म्हणी शिकवतो. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही त्यांतली एक. दैव फिरले की आपली माणसेही उलटतात, हा तिचा लाक्षणिक अर्थ सारेच सांगतात. गुहागरच्या बाबतीत ती म्हण अक्षरश: खरी झाली. घर फिरले, आणि वासे फिरून दुसऱ्या धन्याच्या छपराखाली गेले.

हे सामान गेले कसे? त्या काळी या पट्ट्यात गाडीरस्ते नव्हते. एका मागून एक सडा, मधे ओढ्यांनी कापलेली दरी, आणि शेवटी जयगडची खाडी. जड लाकूड आणि चिरे डोक्यावरून नेण्याची ही वाट नव्हे. तेव्हा ते गलबतांतून समुद्रमार्गेच गेले असणार, हा तर्क कोणासही पटावा. तसे असेल तर वाऱ्यावर दक्षिणेस जाणारी ती गलबते हेदवीच्या समोरूनच गेली. पावसाळ्यात कोकणची बंदरे मिटतात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या मोकळा होतो. म्हणजे इमारतीच्या सामानाची ने-आण करायची तर तीही या आठ महिन्यांच्या पंचांगात बसवावी लागणार. कचेरी हलवण्याचा हुकूम मुंबईहून सुटला तरी तो अमलात कधी यायचा, हे वारा ठरवीत होता.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. वाडा पाडला या वाक्यावर हळहळणे सोपे आहे, आणि आपल्याकडे पेशवाईविषयी लिहिताना हळहळ जरा स्वस्तच असते. कोकणात जुन्या घराचे खांब, तुळया, कौले नव्या घराला वापरणे यात वावगे कोणी मानीत नाही. चांगले सागवान कुजत ठेवण्यापेक्षा ते दुसरीकडे उभे राहिलेले बरे, असा इथला व्यवहार आहे. नव्या सरकारनेही तोच काटकसरीचा हिशेब केला असेल. तरी फरक उरतोच. घरमालक आपले वासे काढतो तेव्हा ते त्याच्याच घरी जातात. गुहागरचे वासे गुहागरच्या कोणाच्या घरी गेले नाहीत.

पुण्याशी तुलना केली की हा फरक अधिक स्पष्ट होतो. पुण्यातले पेशव्यांचे वाडे पाडून नेण्याची गरज नव्या सरकारला पडली नाही. ते जागच्या जागी वापरता येत होते. विश्रामबागवाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. शनिवारवाडा 1828 मध्ये आगीत जळाला, पण तोवर तोही सरकारी उपयोगातच होता. पुण्यात नव्या संस्था वाड्यात शिरल्या. गुहागरात वाडाच कचेरीत गेला. कारण पुणे सत्तेचे ठाणे म्हणून टिकणार होते, गुहागर टिकणार नव्हते. इमारतीचे भवितव्य तिच्या मजबुतीवर ठरत नाही, ठाणे कुठे राहणार यावर ठरते.

'दप्तर' या शब्दाचाही विचार येथे करावासा वाटतो. सरकारी कागदांचा साठा, तो ठेवण्याची जागा आणि तो सांभाळणारे खाते, या साऱ्यांना मराठीत हा एकच शब्द होता. पुढे तोच शाळकरी मुलाच्या पाठीवर जाऊन बसला. दोन्ही अर्थांत एक धागा समान आहे. दप्तर बांधता येते, उचलता येते, नेता येते. मोडी कागदांची बाडे रुमालात गुंडाळण्याची पद्धत ही मुळात फिरत्या कारभाराची सोय होती. म्हणूनच पेशवाई संपल्यावर पेशवे दप्तर नव्या धन्याच्या हाती सहज गेले. 1891 मध्ये पुण्यात त्यासाठी खास इमारत झाली आणि गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले. कागद टिकले म्हणून राज्याचा इतिहास लिहिता आला. गुहागरचा वाडा मात्र रुमालात बांधला गेला नाही. त्याचे सामान टिकले, आकार गेला.

नव्या ठाण्याने रत्नागिरीचे काय केले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. कचेरी आली की तिच्यामागून कारकून येतात, वकील येतात, शिक्षक येतात आणि वाचणारा वर्ग तयार होतो. कचेरी आल्यानंतर सहाच वर्षांनी, 1828 मध्ये, रत्नागिरीत ग्रंथालय स्थापन झाले. आजचे जिल्हा नगर वाचनालय ते हेच, आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. 1856 मध्ये लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले, त्या वेळी त्यांचे वडील गंगाधरपंत तेथे शिक्षक होते. आधुनिक मराठी साहित्याचा आणि राजकारणाचा एक झरा या गावातून निघतो, त्यामागे 1822 चा तो निर्णय उभा आहे. कचेरी गेली नसती तर हे सारे बाणकोटात घडले असते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण जिथे कचेरी तिथे शाळा, हा एकोणिसाव्या शतकाचा नियमच होता.

आता रयतेच्या सोयीकडे वळू. ठाणे नकाशावर मध्यभागी आले म्हणून वाट सोपी होत नाही, याचा बोलका दाखला धोंडो केशव कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'त आहे. सरकारी परीक्षेसाठी दापोलीजवळच्या मुरूडहून त्यांना मुंबईस जायचे होते. हवा बिघडल्यामुळे मुंबईची जलवाट बंद झाली, म्हणून घाट चढून ते पायी साताऱ्याला गेले. आणि तिथे वय कमी दिसते या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. कचेरीच्या दारापर्यंतचे अंतर मैलांत मोजून भागत नाही. खाडी, ऋतू, आणि दारात बसलेल्या माणसाची नजर, हेही त्यात धरावे लागते. हेदवीच्या खातेदाराला रत्नागिरी जवळ होती ती पक्ष्याला. माणसाला आधी खाडीवर तर गाठावी लागे. आज तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते, भातगावला पूल आहे, आणि तरीही 'रत्नागिरीस काम आहे' या वाक्याला या बाजूला एक पूर्ण दिवसाचे वजन आहे.

शिवाय 'मध्य' ही वस्तू स्थिर नसते. 1822 मध्ये रत्नागिरी मध्यवर्ती ठरली तेव्हा जिल्हा सावित्रीच्या उत्तरेसही पसरला होता. 1830 मध्ये उत्तरेकडचे तीन तालुके उत्तर कोकणात गेले. त्यामुळे रत्नागिरी नकाशावर खऱ्या अर्थाने मध्यावर आली. आणि नेमका त्याच वेळी तिचा दर्जा उतरवून तिला दुय्यम कलेक्टरचे ठाणे करण्यात आले! 1832 मध्ये पूर्ण जिल्ह्याचा मान परत मिळाला. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशी सागरी दुर्गांवरून ओळखली जाणारी तालुक्यांची नावेही त्या शतकातच मागे पडली आणि दापोली, चिपळूण, राजापूर ही नावे पुढे आली. गुहागर चिपळूणच्या हाताखालचा पेटा बनले. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याचे ठाणे ओरोसला नव्याने वसवले गेले, आणि रत्नागिरी आपल्याच जिल्ह्यात दक्षिणेकडे सरकली. गाव जागचे हलले नाही, मध्य हलला. आज मंडणगडच्या, म्हणजे बाणकोटच्याच, माणसाला जिल्ह्याचे ठाणे दूर आहे.

यावरून आम्ही काढतो तो निष्कर्ष साधा आहे. मध्यवर्ती ठिकाण सापडत नाही, ते ठरवले जाते. आणि ते ठरवताना कोणते तरी दुसरे ठिकाण कडेला ढकलले जाते. नियोजनाच्या कागदावर ढकलल्या गेलेल्याचे नाव नसते. साहित्याच्या अभ्यासकांना इथे एक काम आहे, कारण ही नावे व्याकरणात लपलेली असतात. 'वाडा पाडण्यात आला', 'सामान वापरण्यात आले', 'ठाणे हलवण्यात आले' या वाक्यांना कर्म आहे, क्रिया आहे, कर्ता नाही. कोणी पाडले, कोणाच्या खांद्यावरून वासे गलबतात चढले, त्यांना मजुरी मिळाली की ती वेठ होती, हे प्रश्न कर्त्याच्या रिकाम्या जागेत उभे आहेत. सरकारी गद्य वाचायला शिकवणे म्हणजे ही रिकामी जागा दाखवायला शिकवणे होय.

कचेऱ्या पुढेही हलत राहतील. हलवाव्याच लागतात. त्या वेळी नव्या इमारतीचा आराखडा, सामानाची यादी आणि मुहूर्त यांबरोबर एक प्रश्न टिपणात लिहून ठेवावा: हे कोणाच्या सोयीचे आहे, आणि कोणाच्या वाटेत आता खाडी आली?