वयाची रेषा : हत्येचा आरोप असलेले मूल आणि आपला कायदा

हत्या करणारा हात मुलाचा असेल तर त्या कृत्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न नवा नाही. परंतु प्रत्येक पिढीला तो नव्यानेच सोडवावा लागतो. एरवी तराजूच्या एका पारड्यात अपराध आणि दुसऱ्यात दंड ठेवला की न्यायाचे काम भागते. येथे अपराध प्रौढाचा आणि अपराधी मात्र बालक, अशी विषम जोडी समोर उभी राहते. याविषयी आपल्या देशात दीडशेहून अधिक वर्षे जो विचार होत आला, त्याचा इतिहास मुख्यत्वे एका रेषेचा इतिहास आहे. ती रेषा वयाची.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नाही. सात ते बारा या वयातील मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी पक्वता आली होती की नाही, हे पाहण्यास तिने सांगितले. या तरतुदीला इंग्लंडमधील जुन्या विधिपरंपरेचा आधार होता. पुढे १८७६ व १८९७ च्या कायद्यांनी बालगुन्हेगाराला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठविण्याची वाट मोकळी केली. मात्र १८९७ च्या कायद्यात ही सवलत पंधरा वर्षांखालील मुलग्यांनाच होती, मुलींचा विचार त्यात नव्हता. १९१९-२० च्या कारागृह समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत अशी शिफारस केली आणि त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी आपापले बालक कायदे केले.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रवाह पुढे गेला. केंद्रशासित प्रदेशांसाठी केलेल्या १९६० च्या कायद्याने बालगुन्हेगाराला फाशी वा कारावास देण्यास मनाई केली. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने मुलग्यांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा ही मर्यादा देशभर लागू केली. १९९२ साली भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेस मान्यता दिली आणि तिला अनुसरून २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी हा भेद काढून सर्वांसाठी अठराची रेषा आखली. अपराध हत्येचा असला तरी बालकाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येत असे.

याच दशकात ज्या देशाकडून आपण ही परंपरा घेतली, तेथे वारे उलट दिशेने वाहू लागले होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या बालकाची हत्या केली. प्रौढांच्या न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला. न्यायाधीशांनी सांगितलेली आठ वर्षांची किमान मुदत सरन्यायाधीशांनी दहावर नेली आणि जनतेच्या सह्यांच्या दबावाखाली गृहमंत्र्यांनी ती पंधरा केली. १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने गृहमंत्र्यांचा निर्णय रद्द ठरविला. १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, त्या वयाच्या मुलांना समजणार नाही अशा वातावरणात झालेला हा खटला न्याय्य नव्हता, असे सांगितले. दरम्यान १९९८ मध्ये इंग्लंडने दहा ते चौदा वयाच्या मुलांना मिळणारे अपरिपक्वतेच्या गृहीतकाचे संरक्षण काढून टाकले. आपल्याकडे मात्र दंड संहितेची जागा घेऊन १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही सात आणि बारा या वयांची ती दोन्ही कलमे टिकून आहेत. उगमाशी ओढा आटला, पण त्याचा पाट येथे वाहतो आहे.

आपल्याकडील वादळ डिसेंबर २०१२ मध्ये उठले. दिल्लीत एका तरुणीवर सामूहिक बलात्कार होऊन तिचा अंत झाला. सहा आरोपींपैकी एकाला अठरा वर्षे पूर्ण होण्यास काही महिने उरले होते. त्याला तीन वर्षेच का, हा प्रश्न रस्त्यारस्त्यांतून विचारला गेला, आणि त्यामागील वेदना खोटी नव्हती. तरीही न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा खाली आणण्यास नकार दिला. संसदेच्या स्थायी समितीनेही नव्या विधेयकाविषयी प्रतिकूल मत दिले. परंतु डिसेंबर २०१५ मध्ये तो मुलगा सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने विधेयक संमत केले. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर अपराध केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि अपराधाची परिस्थिती तपासावी व त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा किंवा कसे ते ठरवावे, अशी ही व्यवस्था आहे. फाशी आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप मात्र तिनेही वर्ज्य ठेवली.

ही तपासणी किती नाजूक असते ते गुरुग्राममधील प्रकरणाने दाखविले. २०१७ मध्ये तेथील शाळेत सात वर्षांच्या मुलाची हत्या झाली. पोलिसांनी आधी बसच्या वाहकाला पकडले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतील सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले आणि वाहक निर्दोष ठरून सुटला. लोकांचा संताप त्या वाहकाला आधीच दोषी ठरवून बसला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी, मुलाच्या मनाचे मूल्यमापन हे तज्ज्ञांच्या साह्याने करावयाचे काम आहे, असे बजावले.

तथापि या वादाची सर्वांत कठोर परीक्षा पुण्यात झाली. ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे एकाच घरातील पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. १९९८ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांपैकी एकाने पुढे आपण घटनेच्या वेळी अल्पवयीन होतो असा दावा केला. राजस्थानातील त्याच्या शाळेच्या दप्तरावरून चौकशी झाली आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की घटनेच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते. तोवर त्याने तुरुंगात अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ घालविला होता.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. १९९४ साली १९८६ चा कायदा अमलात होताच. सोळाची रेषा तेव्हाही आखलेली होती आणि हा मुलगा तिच्या बराच अलीकडे होता. कायदा सौम्य असावा की कठोर, या चर्चेत आपण ज्या गोष्टीला गृहीत धरतो, ती म्हणजे मुलाचे वय, तीच येथे कोणाला ठाऊक नव्हती. ज्याचा जन्म नोंदलेला नाही, ज्याची शाळा लवकर सुटली आहे आणि जो परमुलखात पोटासाठी आला आहे, त्याच्यासाठी वयाची रेषा कागदावरच राहते.

दुसऱ्या बाजूलाही तितक्याच गंभीरपणे पाहिले पाहिजे. ज्या घरातील सात माणसे गेली, त्या घराला हा निकाल काय देतो? साडेबारा वर्षांच्या मुलाचे पुनर्वसन करावे, हे तत्त्व मान्य करूनही त्या आप्तांच्या दुःखाचे उत्तर त्यात सापडत नाही. बाल न्यायाच्या समर्थकांनी ही उणीव क्वचितच बोलून दाखविली आणि विरोधकांनी त्या दुःखाचा उपयोग बहुधा शिक्षा वाढविण्यापुरता केला. मृतांच्या आप्तांना खटल्यात स्थान, आधार व आदर देणे हे स्वतंत्र कर्तव्य आहे. मुलाची शिक्षा लांबविल्याने ते पार पडत नाही.

पुण्यातील प्रकरणात १९९४ सालीच कोणी त्या मुलाच्या शाळेपर्यंत गेले असते, तर खटला योग्य न्यायपीठासमोर गेला असता आणि सात मृत्यूंचा विचारही तेथेच वेळेवर झाला असता. दप्तरातील ती नोंद तेव्हाही होती.