ओजिब्वे लोकांचें ऋतुचक्र आणि १८५० चा हिवाळा

उत्तर अमेरिकेंतील सुपीरियर सरोवराच्या दक्षिणतीरीं, घनदाट अरण्यांत राहणाऱ्या ओजिब्वे लोकांचें वर्ष ऋतूंनींच आंखून दिलेलें असे. वसंताच्या आरंभीं, रात्रीं गोठविणारी थंडी व दिवसां ऊब असतां, मेपल वृक्षांचा रस आटवून साखर करावयाची. बर्फ फुटतांच मासे धरावयाचे. उन्हाळा सरतांना उथळ पाण्यांतील रानतांदूळ होडींत झोडून घ्यावयाचा. आणि हिवाळ्यांत रानांत पांगून शिकार करावयाची. एका ऋतूची बेगमी चुकली कीं पुढच्या ऋतूंत उपासमार ठरलेली.

१८३७ च्या तहानें भूमि गेली. शिकार, मासेमारी व रानतांदूळ यांचा हक्क मात्र राहिला. तहाची वार्षिक रक्कम मॅडलिन बेटावर मिळे. १८५० मध्यें अध्यक्ष टेलर यांनीं स्थलांतराचा हुकूम काढला व अधिकाऱ्यांनीं वाटपाचें ठिकाण दूर पश्चिमेस सँडी लेक येथें नेलें. हिवाळा लागल्यावर लोक परत फिरणार नाहींत, हाच त्यांतील डाव होता. शरदांत जमलेल्या लोकांस आठवडेच्या आठवडे तिष्ठत ठेवण्यांत आलें. धान्य मिळालें तें अपुरें व नासकें. डिसेंबरांत ते निघाले, तेव्हां नद्या गोठलेल्या होत्या. होड्या टाकून पायींच चालावें लागलें. रोग, भूक व थंडी यांनीं सुमारें ४०० माणसें दगावलीं.

१८५२ मध्यें वृद्ध नायक केचेवैश्के वॉशिंग्टनला गेले व अध्यक्ष फिलमोर यांनीं हुकूम मागें घेतला. १८५४ च्या तहानें सरोवराच्या परिसरांत राखीव भूमि मिळाली. १८३७ चे हक्क कायम असल्याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९९ मध्यें दिला.