चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता

सामना संपला की मैदानाबाहेर आपण चांगला चहा-वडापाव कुठे मिळतो ते शोधतो. पाळवणकर बाळू यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता : आपल्याला कुठे बसून खाऊ देतील?

चांभार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करत. त्यांच्या फिरकीशिवाय इंग्रजांना हरवता येणार नाही, हे कळल्यावर हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलत. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवणही वेगळे.

१९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात बाळू इतरांसोबत जेवू लागले. ‘खेळाने जात मोडली’ असे सांगणारे इथेच थांबतात. पण १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही १९२३ साली.

मित्रांनो, बळी घेतले म्हणून पंगतीत जागा मिळाली, तर ती मेहेरबानी झाली. मग ज्याला बळी घेता येत नाहीत, त्याने कुठे जेवायचे? याचे उत्तर संविधानाच्या कलम १५ मध्ये आहे : दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे यांत जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. तिथे गुणांची अट नाही. माणूस असणे पुरेसे आहे.

जय भीम!