डोंगर, आवणी आणि आपली दिंडी



स्मरणिकेच्या मंडळींनी मला सांगितलं, बुवा, तुम्ही इतिहासावर लिहा. आता विणेकरी कोण कोण झाले, पखवाज कोणी वाजवला, मुक्कामाला कोणत्या गावी कोणाच्या ओटीवर उतरलो, हे जाणत्या माणसांनी याच पुस्तकात लिहिलेलं आहे. मी चौथी शिकलेला शेतकरी, कीर्तनाला उभा राहतो एवढंच. म्हणून मी डोंगराचा इतिहास लिहायला घेतला. दिंडीच्या पुस्तकात डोंगर कशाला, असं कोणी म्हणेल. तर माउली, आपली वारी कोणत्या महिन्यात निघते आणि कोणत्या वाटेनं जाते, ह्या दोन्ही गोष्टी डोंगरानं ठरवलेल्या आहेत.

आपण नेरळची माणसं दोन भिंतींच्या मध्ये राहतो. मावळतीला नाखिंद, पेब, माथेरान, आणि त्याच्या पलीकडं प्रबळ, इर्शाळ. उगवतीला सह्याद्रीची मोठी रांग, सिद्धगड, भीमाशंकर, ढाक, राजमाची. मधून उल्हास नदी. ती राजमाचीच्या खोऱ्यात उगवते, कर्जत, नेरळ, बदलापूर करीत वसईच्या खाडीला मिळते. दर्याकडून ढग आला की आधी माथेरानला धडकतो, तिथं निम्मा रिकामा होतो आणि उरलेला घेऊन भीमाशंकरावर आपटतो. मधल्या खाचरांत आपण उभे.

ज्येष्ठात राब पेरायचा, आषाढात आवणी. आषाढी एकादशी येते तेव्हा आपल्याकडं बाया-माणसं गुडघाभर चिखलात वाकलेली असतात. पाणी खाचरात आहे तोवर मूठ रोवली तर भात, नाहीतर वर्षभर उपास. घाटावरचा शेतकरी पेरणी उरकून मोकळा होतो नि पंढरीची वाट धरतो. कोकणातल्याला ते जमत नाही. मागं एका कीर्तनात घाटावरच्या एका बुवांनी चेष्टा केली, की कोकणातला वारकरी म्हणजे अर्धा वारकरी, आषाढीला दिसतच नाही. मी काही बोललो नाही. पण इथं लिहून ठेवतो. आपल्या जुन्या माणसांनी भात झोडून, पेंढा रचून, खळं सारवून मग वीणा खांद्यावर घेतला. कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींची समाधी, शके १२१८ ची. त्या सोहळ्याला आळंदीला पायी जायचं, हा रिवाज आपल्या ह्या पट्ट्यातल्या कितीतरी दिंड्यांनी धरला तो ह्यामुळं. शेत टाकून देवाला जाणारा भक्त तुकोबारायांनाही आवडला नसता, असं मला वाटतं.

त्याच्या आधी कार्तिक शुद्ध एकादशीला खोपोलीजवळ साजगावची जत्रा. तिथला विठोबा म्हणजे बोंबल्या विठोबा. जत्रेत सुक्या मासळीचा बाजार भरतो, त्यावरून नाव पडलं. माळकऱ्याची तिथं जरा अडचण होते, पण देव आपला त्या बाजारातच उभा आहे. तुकाराम महाराज मिरचीचा व्यापार करायला घाट उतरून तिथं येत, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणजे घाटाची वाट देहूच्या माणसाला खाली आणीत होती आणि आपल्याला वर नेत होती.

आता माथेरान. शाळेच्या पुस्तकात आहे, १८५० साली मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला. त्यांचा मुक्काम चौक गावी होता. एक झाडाच्या टेकडीकडून, ज्याला आता वन ट्री हिल म्हणतात, ते चढले आणि रामबागेकडून उतरले. हे खरंच आहे, साहेब चढला तो चढला. पण वाट दाखवायला खालच्याच गावची माणसं होती. त्या माथ्यावर धनगरांची गुरं चरत होती. ठाकर आणि कातकरी मध, हिरडा, करवंद, सरपण ह्यासाठी रोज चढत-उतरत होते. तळ्याकाठी पिसरनाथाचं ठाणं आहे, ते माथेरानचं ग्रामदैवत. ते तळं आज शार्लोट लेक ह्या नावानं ओळखतात. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, असं नावाचं मूळ सांगतात, आणि ते नाव तर मराठीच आहे ना? ज्याला नाव आहे त्याचा शोध कसा लागतो, हे मला कोणी शिकलेल्यानं समजावून सांगावं. पंढरीचा शोध अमक्यानं लावला असं कोणी म्हणत नाही. पुंडलिकाच्या आधीही भीमा वाहत होतीच.

मॅलेटसाहेबावर माझा राग नाही. त्यानं तिथं घर बांधलं, पुढं गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी रस्ते आखले, हवा खायला मुंबईची माणसं येऊ लागली. १९०५ ला नगरपालिका झाली. पॉइंटांना साहेबांची नि मडमांची नावं पडली, लुइझा, अलेक्झांडर. ठाकरांच्या पायवाटा मात्र बिननावाच्या राहिल्या.

खाली रेल्वे आली. मुंबई ते ठाणे १८५३, कल्याणपर्यंत १८५४, आणि १८५६ ला नेरळवरून खोपोलीपर्यंत गाडी गेली. पुढं बोरघाट आडवा. तो फोडायला सात वर्षं लागली, १८६३ ला घाटातून गाडी सुरू झाली. एका वेळी चाळीस हजारांच्या वर मजूर त्या कामावर होते. पटकीनं नि दरडींनी किती मेले त्याची मोजदाद दगडावर कोरलेली नाही.

त्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, आपल्या दिंडीला ओळखीचं. जुन्या रस्त्यानं जाताना आपण तिथं थांबतो, नारळ फोडतो, ट्रकवाले नाणं टाकतात. गोष्ट अशी सांगतात, की इंग्रज इंजिनेरांना घाट उतरायची वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं आपल्या मेंढरांची वाट दाखवली. साहेब म्हणाला, काय बक्षीस पाहिजे? तो म्हणाला, आमचं राज्य परत द्या. साहेबानं गोळी घातली. शिंग्रोबाच्या वाटेनं रस्ता झाला. वाट दाखवणारा देव झाला हे चांगलं, पण सगळ्याच वाट दाखवणाऱ्यांची देवळं बांधली जात नाहीत.

नेरळहून माथेरान चढायचं तर आधी घोडा, डोली, नाहीतर पाय. सर आदमजी पीरभॉय ह्या मुंबईच्या बोहरी शेठजींच्या पैशानं आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीनं १९०४ ला दोन फुटी रुळांचं काम सुरू झालं. २२ मार्च १९०७ ला गाडी चालू झाली. सोळा लाख रुपये खर्च. एकवीस किलोमीटरचा रूळ, वळणं घेत घेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करीत वर जातो. आपल्या दिंडीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ह्या गाडीला वीस वर्षंही झाली नव्हती.

पण गाडीत बसायचे शेठ. आपली माणसं चढत राहिली पायीच. आमच्या आज्याच्या डोक्यावर काकडी, शिराळी, भोपळ्याची पाटी असायची. पहाटे निघून बंगल्याबंगल्यावर भाजी देऊन दुपारी खाली येऊन औताला लागायचा. घड्याळ नव्हतं. हरिपाठ म्हणत चढायचा. चढ कुठवर आला हे तो अभंगांवर मोजायचा, आणि जुम्मापट्टीच्या आत हरिपाठ संपला तर म्हणायचा आज पाय हलका आहे. दूधवाले, मोळीवाल्या बाया, हमाल, सगळ्यांचं असंच. आपल्या दिंडीतले सुरवातीचे टाळकरी बहुतेक हेच लोक. बोरघाट चढताना ते दमले नाहीत यात नवल काय? त्यांची तालीम रोजचीच होती. घोडेवाले, हातरिक्षावाले अजूनही माथेरानात आहेत. माणसानं माणसाला ओढायची ती हातरिक्षा बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ ला सांगितलं. बरं झालं. त्यांच्या पोटाची सोय तेवढी वेळेवर झाली पाहिजे.

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ ला विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. नाभिक घराणं. वकील झाले, पण लक्ष शेतकऱ्याकडं. सावकार खंडीला दीडपट घेत असे त्या काळात त्यांनी गरिबांसाठी धान्याच्या कोठीची सोय काढली. बेचाळीस साली आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. पोलीस मागं लागले तेव्हा त्यांना डोंगरानंच पोटात घेतलं. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या रानात त्यांना गोळ्या लागल्या, हिराजी पाटील त्यांच्याबरोबर पडले. मावळतीच्या डोंगरावर जन्म, उगवतीच्या डोंगरावर मरण. नेरळच्या हुतात्मा चौकात दिंडी क्षणभर थांबते ती यासाठी. नव्या पोरांना वाटतं चहासाठी थांबतो. सांगत जावं.

भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्यानं फिरलं आणि कर्जतच्या कितीतरी गावांना उन्हाळी भात मिळालं, हेही लिहायला पाहिजे. त्यामुळं दिंडीहून परतलेला माणूस आता लगेच दुबार राबाला लागतो.

डोंगराचा कोपही सांगतो. २६ जुलै २००५ च्या पावसानं माथेरानचा रूळ जागोजाग वाहून गेला, गाडी २००७ पर्यंत बंद होती. २०१९ ला पुन्हा तेच, नेरळपासूनची गाडी थेट २०२२ ला सुरू झाली. रूळ परत टाकता येतो. इर्शाळवाडी परत आली नाही. १९ जुलै २०२३ ची रात्र, आवणीचे दिवस, इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरवाडी झोपलेली. डोंगर खाली आला. सत्तावीस देह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. वर जायला गाडीरस्ता नव्हता, मदतीची माणसं पायवाटेनं पावसात चढली. ती वाडी चौकच्याच वरच्या अंगाला. साहेब ज्या गावातून डोंगर चढला त्याच भागातली ही माणसं. ह्या डोंगरावर शोध शब्द पुस्तकात एकदा आला तो साहेबाच्या नावानं, आणि आता हा दुसरा. मी कीर्तनात त्या वाडीचं नाव घेतो तेव्हा चाल सोडून नुसतं बोलतो, कारण गळा धरत नाही.

आता एक मागणं आहे. ह्या स्मरणिकेत दिंडीच्या मार्गाचा नकाशा छापणार आहेत, मला कच्चा दाखवला. त्यात माथेरानचे सगळे पॉइंट आहेत, हॉटेलंसुद्धा. जुम्मापट्टी, सागाची वाडी, आंबेवाडी, धोदाणी नाहीत. शिंग्रोबा नाही. इर्शाळवाडी नाही. छापखान्यात जायच्या आधी ही नावं घालावीत. जागा कमी पडत असेल तर एखादं हॉटेल काढावं.