चित्रशाळेतील पहिले वर्ष

वाचकहो, तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलीने इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली असेल, तर पुढचा संवाद तुमच्या कानांवर आलाच असेल. "चित्रकला शिकायला कॉलेज कशाला? हात चांगला आहे की तिचा!" हा प्रश्न वडीलधारी माणसे काळजीनेच विचारतात. त्याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधू या.

सुरुवात वाशीपासूनच करू. कारण हे शहर उभे राहिले त्याच्या आधी कागदावर रेखाटले गेले. खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि १९९२ साली खाडी ओलांडून लोकल गाडी वाशीला आली. आता वाशीची ती मुलगी ड्रॉइंग बोर्ड काखेत धरून सकाळची हार्बर लोकल पकडते आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरते, असे समजा. ज्या इमारतीतून ती बाहेर पडते, तिच्यावरची दगडी पानेफुले आणि पशुपक्षी पाहायला घाईच्या वेळी कोण मान वर करतो? पण १८७८ ते १८८८ या काळात बांधलेल्या त्या वास्तूच्या सजावटीत मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता. तिला जायचे आहे ते त्याच शाळेत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. स्थानकापासून ती चालत काही मिनिटांवर आहे.

ही शाळा १८५७ साली सुरू झाली, ती सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. आरंभीचे वर्ग एल्फिन्स्टन संस्थेत भरत. आजची इमारत १८७८ सालची. देशी कारागिरांची नजर आणि हात सुधारावेत, हा मूळ हेतू. गंमत अशी, की हवे होते कारागीर आणि पुढे निघाले चित्रकार! त्या काळी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती येथे आणली गेली. आधी छापील नमुन्यांवरून रेषा गिरवायच्या, मग भूमिती, मग छायाप्रकाश, आणि मग विलायतेहून आलेले ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून चित्रण. ज्या देवदेवतांची नावेही घरी कधी ऐकली नव्हती, त्यांची नाके-डोळे पोरे महिनोन् महिने घोटीत बसत. यातून हाताला शिस्त लागली, हे नाकारता येत नाही. पण आपल्या डोळ्यांपुढे काय ठेवायचे, हे दुसऱ्याच कोणी ठरवले होते, हेही तितकेच खरे.

१८६५ साली जॉन ग्रिफिथ्स हे चित्रकलेचे शिक्षक म्हणून आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधूनमधून खंड पडत, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याच्या लेण्यांत नेऊन भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा १८८५ सालच्या आगीत जळाल्या. केवढे कष्ट वाया गेले, असे वाटते. पण मुलांच्या बोटांत उतरलेली अजिंठ्याची रेषा काही आगीत जळाली नाही. साच्यांपाशी बसणारा विद्यार्थी आता आपल्याच पूर्वजांच्या भिंतीपुढे बसला होता, आणि त्याचा गोरा शिक्षकही तेथे शिकणाराच होता.

१८९० साली कोल्हापूरचा एक तरुण या शाळेत दाखल झाला. महादेव विश्वनाथ धुरंधर त्याचे नाव. कोल्हापुरात त्याला मार्गदर्शन लाभले होते ते आबालाल रहिमान यांचे, आणि आबालाल स्वतः याच शाळेत शिकून गेलेले. पाहा, विद्या कशी फिरून घरी येते! धुरंधर १८९६ साली तेथेच शिक्षक झाले, १९१० साली हेडमास्तर झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. नोकरीच्या जागेला मंदिर म्हणावेसे वाटणारे मास्तर किती असतील?

१९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेल समोर बसवून चित्रणाचा वर्ग सुरू केला. प्लास्टर हलत नाही. माणूस मात्र श्वास घेतो, थकतो, कूस बदलतो. योगायोग असा, की त्याच १९१९ साली जर्मनीत वायमार येथे बाउहाउस ही शाळा निघाली. तेथील प्रारंभिक वर्गात रेषा, आकार, रंग आणि पोत यांचेच प्रयोग करायला सांगत. ही रीत पुढे आपल्याकडील पायाभूत अभ्यासक्रमांतही आली.

म्हणजे समोरचा विषय पिढ्यान् पिढ्या बदलत गेला. मग न बदललेले काय? मास्तरांची एक साधी गोष्ट. वस्तुचित्रणाच्या वर्गात मधोमध घडा, वाटी, एखादे कापड मांडलेले असते. विद्यार्थी भोवताली बसतात. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर मापे घेतात. प्रत्येकाला घड्याचे तोंड निराळे दिसते. उंच बसणाऱ्याला ते पसरट गोल, तर खाली बसणाऱ्याला चपटे. त्यामुळे चूक दाखवायची तर नुसते मागे उभे राहून भागत नाही. मास्तर म्हणतात, "ऊठ जरा," आणि विद्यार्थ्याच्या जागी, त्याच्या उंचीला डोळे आणून बसतात. त्याला काय दिसते ते आधी पाहतात, मग पेन्सिल हाती घेतात.

मला वाटते, कॉलेज कशाला, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. हात घरी वळतो. पण आपल्या जागी बसून आपल्या नजरेने पाहणारा, आणि तरीही "हे तू पाहिलेले नाहीस, हे तू गृहीत धरलेस" असे सांगणारा माणूस घरी क्वचितच भेटतो.

आणि हो, एक विनंती. संध्याकाळी वाशीच्या फलाटावर कोणी मुलगी वही उघडून तुमच्याकडे टक लावून पाहताना दिसली, तर रागावू नका. पहिल्या वर्षाचा गृहपाठ चालला असेल. गाडी येईपर्यंत, जमल्यास, जरा स्वस्थ उभे राहा.