राखणीची बंदूक

माझ्या आजोबांच्या बंदुकीच्या परवान्याची जुनी वही मी अजून जपून ठेवली आहे. पानं पिवळी पडलीत, शिक्के पुसट झालेत. त्यात हत्याराचं वर्णन एका ओळीत आहे: एकनळी, ठासणीची. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलंय, शेतीच्या राखणीसाठी. आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. दादांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत मी लहानाचा मोठा झालो. पण त्या वहीत 'शिकार' हा शब्द कुठेच नाही. मोठेपणी हे लक्षात आलं आणि वाटलं, आपल्या रोहा-पेण भागाचा एक इतिहास या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी आहे. एक शब्द शिकार, दुसरा राखण.

आमचं गाव रोहा तालुक्यात, कुंडलिकेच्या खोऱ्यात. आईचं माहेर पेणच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. दोन्ही घरांत ओटीवर ठासणीची बंदूक टांगलेली असायची. आजच्या मुलांना ही बंदूक समजावून सांगावी लागते. हिला काडतूस नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, आणि हे सगळं लोखंडी गजानं ठासायचं. म्हणून ती ठासणीची. बार किती भरला हे गज नळीबाहेर किती बोटं उरतो त्यावरून कळायचं. शेवटी घोडा मागे ओढून खालच्या नळकांडीवर तांब्याची केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. उडाला तर! पावसाळी हवेत दारू सर्दावली की नुसती केप वाजायची, आणि डुक्कर मान वर करून बघायचं, असं मामू हसत हसत सांगायचे.

काळ्या दारूत सोरा साधारण पाऊण हिस्सा, उरलेल्यात कोळसा जास्त आणि गंधक थोडं. केपेचा शोध मात्र एका शिकारी पाद्र्यामुळे लागला. स्कॉटलंडचे अलेक्झांडर फोर्साइथ यांना पाणपक्षी मारायचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी दिसली की गोळी पोचायच्या आत पक्षी उडून जायचे. म्हणून त्यांनी आघातानं पेटणारी दारू वापरली आणि 1807 साली तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे केप आली. स्कॉटलंडच्या पाणथळीतल्या बदकांमुळे लागलेला हा शोध कोकणातल्या डोंगरापर्यंत येऊन पोचला.

बंदूक आपल्याकडे आली ती मात्र त्याच्या कितीतरी आधी. आमची कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथेच चौलचं बंदर. 1508 साली या बंदरात पोर्तुगीज आरमाराची गाठ इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी पडली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा त्या लढाईत मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्लाच बांधला. म्हणजे तोफा-बंदुकांचा आवाज आमच्या नदीच्या मुखाशी पाचशे वर्षांपूर्वीच घुमला होता. भाषेत त्याच्या खुणा आहेत. काडतूस आणि पिस्तूल हे शब्द पोर्तुगिजांचे. बंदूक अरबीतून आली, शिकार फारसीतून. केप इंग्रजी. आणि पारध, सावज, हाका, माळा हे आपले घरचे. रानात जाणारी माणसंही अशीच असायची, ठिकठिकाणची. एका हाक्यात मराठा असायचे, आगरी असायचे, ठाकूर-कातकरी असायचे, आम्ही मुसलमान असायचो. कुणी कुणाला जात विचारत नसे. विचारायचे ते एवढंच, वारा कुठून आहे?

ठासणीची बंदूक म्हटलं की जाणकारांना 1857 आठवेल. त्या वेळची एन्फिल्ड रायफल ठासणीचीच होती. फरक एवढाच, की तिच्या नळीला आतून पीळ होता, त्यामुळे गोळी लांब आणि सरळ जायची. आमच्या बंदुकीची नळी गुळगुळीत. एन्फिल्डचं काडतूस दातानं फोडून दारू नळीत ओतायची होती, आणि त्याला गाईची नि डुकराची चरबी लावली आहे असं शिपायांमध्ये पसरलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. उठाव मोडल्यावर सरकारला हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार सलू लागलं. 1878 साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं.

त्याच 1878 साली आणखी एक कायदा झाला, जंगलाचा. राखीव जंगल ही कल्पना त्यानं पक्की केली. काल ज्या रानातून राब तोडून आणायचा, गुरं चारायची, तिथे आज पाटी लागली. एका वर्षात रानही कागदावर गेलं आणि बंदूकही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावर इतकी ओरड झाली, की मुंबई सरकारला 1885 साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. 1981 साली त्याचं नाव बदललं.

मला वाटतं, शिकार आणि राखण यांची फारकत इथूनच सुरू झाली. साहेब रायफल घेऊन यायचा, ती शिकार. पलीकडे जंजिऱ्याच्या नवाबांचं रान होतं, तिथे नवाब आणि त्यांचे पाहुणे जायचे, तीही शिकार. आणि शेतकरी आपल्या नाचणीत शिरलेल्या डुकरावर बार टाकायचा, ती राखण. स्वातंत्र्यानंतरच्या 1959 च्या शस्त्रकायद्यातही ही वाटणी राहिली. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची, असं तिथे वेगवेगळं लिहिलं आहे. आमच्या वहीतली ती ओळ त्याच विचारातली.

पण कागद काही म्हणो, माणसं पारधीला जात होतीच. सुगी आटपली, खळी मोकळी झाली, की दादा, चाचा आणि गावातली इतर माणसं निघायची. माग काढायचं काम कातकऱ्यांचं. भेकर सकाळी गेलं की रात्री, हे ते वाकलेल्या गवतावरून सांगायचे. हाकारे खालून ओरडत, डबे वाजवत यायचे. बंदूकवाले वर खिंडीत दबून बसायचे. ठासणीच्या बंदुकीला एकच बार. दुसरा भरेपर्यंत सावज डोंगरापलीकडे. म्हणून दादा म्हणायचे, "हात आखडता घेऊन बस. दिसलं म्हणून मारायचं नसतं."

आमच्या बाजूला एक माणूस जास्तीचा लागायचा, सुरी घेऊन धावणारा. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. नुसत्या गोळीनं मेलेलं जनावर आमच्या घरात चालत नसे. त्यात जीव असतानाच अल्लाचं नाव घेऊन त्याच्या गळ्यावर सुरी फिरली पाहिजे. म्हणून बार वाजला की पहिला धावायचा तो सुरीवाला.

1950 च्या सुमाराची गोष्ट आहे. माझे वडील, आमचे अब्बा, तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. पाय हलके म्हणून दादांनी सुरी त्यांच्याकडे दिली होती. खिंडीत भेकर आलं, दादांचा बार लागला. अब्बा धावले. मधे कारवीचं दाट रान. पायात काटा गेला, पडले, उठले, पुन्हा धावले. पोचले तेव्हा एक म्हातारा कातकरी भेकराच्या मानेवर हात ठेवून बसला होता. भेकराचे डोळे उघडे होते. म्हातारा म्हणाला, "गेला रं पोरा."

आता ते आमच्या कामाचं नव्हतं. दादा आले. अब्बांना वाटलं, मार बसणार. दादा काही बोलले नाहीत. सगळं मटण बाकीच्यांना आणि कातकरवाडीला वाटून दिलं, बंदुकीचा वाटासुद्धा घेतला नाही. घरी त्या दिवशी आजीनं डाळ-भात केला. जेवताना दादा एवढंच म्हणाले, "बार माझा होता. मी लांबून टाकला. पोराची चूक नाही." अब्बा पुढे साठ वर्षं जगले, पण ते उघडे डोळे त्यांच्या बोलण्यात येतच राहिले.

मग कायदे बदलत गेले. 1951 साली मुंबई राज्यानं वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. 1972 साली देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1991 च्या दुरुस्तीनं परवाना काढून करायची शिकारही संपली. हे चांगलंच झालं असं मी म्हणतो. दादांच्या गोष्टींतली रानं जनावरांनी भरलेली होती. ती रिकामी कशी झाली, या प्रश्नाच्या उत्तरात आमचाही वाटा आहे. रानं तुटली, वाहनं आली, रात्री प्रखर बॅटऱ्या घेऊन जीपमधून येणारे आले, हे खरं. पण बोट दाखवताना आपलं घर गाळून चालत नाही.

मी स्वतः बंदुकीबरोबर गेलो तो राखणीला, 1980 च्या आसपास. भात कापून झाल्यावर आमच्याकडे शेतात वाल करतात. दवावर वाढणारं पीक. याच वालाच्या शेंगांची पोपटी लागते. कोवळ्या वालावर जनावरं फार येतात. थंडीच्या रात्री मी आणि अब्बा माळ्यावर घोंगडी पांघरून बसलो होतो. बंदूक भरलेली. मध्यरात्रीनंतर खाली पानांचा आवाज झाला. चांदण्यात दिसलं, डुक्कर नव्हतं, भेकर होतं. वीसेक पावलांवर. मान खाली घालून वाल खात होतं.

अब्बांनी बंदूक उचलली नाही. बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग मोठ्यानं खाकरले. भेकर दचकलं, कुत्र्यासारखं भुंकलं आणि भुंकतच रानात गेलं. मी विचारलं, "अब्बा, मारलं का नाही?" ते म्हणाले, "आपली बंदूक राखणीची आहे. झाली ना राखण?" थोड्या वेळानं म्हणाले, "आणि सुरी घेऊन कोण धावणार होतं? तू?"

भरलेली बंदूक घरात आणायची नाही, हा दादांचा नियम होता. ठासलेला बार काढणं सोपं नसतं. तो उडवावाच लागतो. पहाटे अब्बांनी बांधाच्या मातीत बार सोडला. खोरं दणाणलं. आजीला लांबून वाटलं, डुक्कर पडलं. आम्ही दोघं वालाच्या शेंगा घेऊन घरी आलो.

पुढे बंदुकीचं घरात असणं हाच एक उद्योग झाला. नूतनीकरण, शिक्के, खेपा. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. नेमकी तेव्हाच डुकरं यायची. त्यांना आचारसंहिता लागू नव्हती. अब्बांच्या माघारी मी ती कायमची जमा केली. ओटीवरच्या खुंट्यांना आता छत्री आणि टोपी असते.

नवाबांचं ते शिकारीचं रान आता फणसाड अभयारण्य आहे. 1986 साली ते जाहीर झालं. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेल्या त्या रानात सांबर आहे, भेकर आहे, इवलीशी पिसोरीही आहे. तिथे संध्याकाळी मी भेकराचं भुंकणं ऐकलंय. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांना वाटतं, वाडीवरचं कुत्रं असेल.

पेणहून माझ्या मामेभावाच्या मुलाचा अधूनमधून फोन येतो. रानडुकरांनी रताळी उकरली, वाल तुडवला. रीतसर अर्ज करून परवानगी मागायची वाट कायद्यात आहे, पण तोवर पीक थांबत नाही. मागच्या हिवाळ्यात तो म्हणाला, "चाचा, ती बंदूक ठेवायला हवी होती." मी त्याला विचारलं, "रात्री शेतावर कोण बसतं?" तो गप्प झाला. घरातली पोरं मुंबईला, काही आखाती देशांत. माळा कधीच मोडून पडलाय. मी म्हटलं, बाळा, राखण बंदूक करत नव्हती. थंडीत रात्रभर जागणारी दोन माणसं करत होती. बंदूक आपली मांडीवर असायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)