श्मिटा

'श्मिटा' हा हिब्रू शब्द ज्या धातूवरून आला, त्याचा अर्थ हातातलं सोडून देणं. ज्यू धर्मशास्त्राचा नियम असा: सहा वर्षं पेरायचं, सातव्या वर्षी रान पडीक ठेवायचं. आपोआप उगवेल ते गोरगरिबांचं. वर्षाअखेर आपसातली कर्जंही सोडायची. मग बुडणारं कर्ज देणार कोण? सातवं वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घेत. अखेर हिलेल या धर्मपंडिताने 'प्रोझबुल'ची पळवाट काढली: वसुली न्यायपीठाकडे सोपवली की कर्ज माफ होत नसे. (कायदा आला की पळवाट आलीच.)

अमेरिकेतले धर्मोपदेशक जोनाथन कान यांनी २०१४ च्या पुस्तकात या शब्दाची गाठ शेअर बाजाराशी मारली. १७ सप्टेंबर २००१ ला डाऊ जोन्स निर्देशांक ६८४ अंकांनी आपटला, २९ सप्टेंबर २००८ ला ७७७ अंकांनी. दोन्ही दिवशी हिब्रू पंचांगातल्या एलुल महिन्याची २९ तारीख, म्हणजे श्मिटा वर्षाचा शेवटचा दिवस. योगायोग झकास! पण २००१ ची पडझड जुळ्या मनोऱ्यांवरील हल्ल्यानंतर बाजार पहिल्यांदा उघडला त्या दिवसाची. १९२९ ची घसरण श्मिटाच्या आदल्या वर्षातली, १९८७ ची वर्ष सरल्यावरची. आणि पुढच्या श्मिटात, २०१५ साली, ती तारीख आली रविवारी. वॉल स्ट्रीट बंदच होता.